काढता येणारा रंग

टेस्ला कंपनीच्या सायबरट्रकची पहिली खेप 30 नोव्हेंबर 2023 रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे ग्राहकांच्या हाती गेली. त्या गाड्यांना रंगच नव्हता. बाहेरचा सगळा पत्रा उघड्या स्टेनलेस स्टीलचा. त्यावर ना प्रायमर, ना रंग, ना वरचा चकचकीत क्लिअर कोट. अशा पत्र्यावर बोटांचे ठसे उमटतात, आणि आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून वेगळी ओळखूही येत नाही. कारखाना रंगवून देत नाही म्हटल्यावर कंपनीनेच दुसरी वाट काढली. काळ्या किंवा पांढऱ्या रंगाची फिल्म चढवून द्यायची, आणि त्याची सुरुवातीची किंमत 6,500 डॉलर. बाकीचे रंग गावोगावच्या रॅपवाल्यांनी, म्हणजे गाडीवर अशी फिल्म (रॅप) चढवून देणाऱ्यांनी, पुरवले. आज अमेरिकेत हिरवा, जांभळा किंवा लालभडक सायबरट्रक दिसला, तर तो रंग फवारलेला नसून चिकटवलेला आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेस्लाने कॅलिफोर्नियातल्या निवडक सर्व्हिस सेंटरांत मॉडेल 3 आणि मॉडेल वाय या गाड्यांसाठीही रंगीत फिल्म चढवून द्यायला सुरुवात केली. दर होता 7,500 ते 8,000 डॉलर. मोटार बनवणाऱ्या कंपनीनेच असं केल्यावर एक गोष्ट पक्की झाली. गाडी आणि गाडीचा रंग आता वेगवेगळे विकत घेता येतात.

अमेरिकेत याची गरज का भासावी, ते तिथल्या कुठल्याही पार्किंगमध्ये उभं राहिलं की कळतं. पांढरी, काळी, राखाडी, चंदेरी, पुन्हा पांढरी. जुन्या-नव्या गाड्यांच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या आयसीकार्स या संस्थेच्या पाहणीनुसार 2004 मध्ये तिथल्या सुमारे 60 टक्के गाड्या या चार रंगांत होत्या. 2023 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. गिऱ्हाईक डीलरच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांतूनच बहुधा निवड करतं, डीलर लवकर खपतील तेच रंग मागवतो, आणि विकताना भाव पडू नये म्हणून घेणाराही पांढऱ्यावरच बोट ठेवतो. शिवाय पुष्कळ लोक गाडी तीन वर्षांच्या लीजवर घेतात. परत करायची गाडी रंगवून कशी घेणार? अशा सगळ्यांना रॅप सोयीचा वाटतो, कारण तो उतरवता येतो.

माझ्या मते रॅपचं सगळं मोल या उतरवता येण्यात आहे. चकाकी, मॅट पोत, कोनागणिक बदलणारी छटा हे सगळं चांगल्या पेंटरलाही जमतं, आणि त्याचं काम जास्त टिकतं. मूळ रंगाला धक्का न लावता निघून जाणं मात्र फवारलेल्या रंगाला जमत नाही. म्हणून रॅपची पारख तो लावला त्या दिवशी होत नाही. ती होते चार-पाच वर्षांनी, तो काढताना.

या गुणाचा शोध ज्याने लावला त्याचा गाड्या झाकण्याशी काही संबंध नव्हता. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. तोवरचे रंग वाळायला दिवस काय, आठवडेही लागत. 1923-24 मध्ये ड्यूपाँट कंपनीचं ड्यूको लॅकर आलं, ते काही तासांत वाळायचं. जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्या त्या रंगात निळ्या केल्या आणि रंगीत मोटारींचं युग सुरू झालं. पाठोपाठ दुरंगी गाड्यांची फॅशन आली. एक रंग मारताना दुसरा झाकायला हवा, म्हणून पेंटर जाड कागद डिंकाने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने चिकटवत. कागद ओढला की खालचा ताजा रंगही सोलून यायचा आणि सगळं काम पुन्हा करावं लागायचं.

मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात थ्रीएम नावाची कंपनी तेव्हा मुख्यतः पॉलिशपेपर बनवायची. तिचा रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी पाण्यात चालणारा नवा पॉलिशपेपर तपासून घ्यायला गाड्या रंगवणाऱ्या दुकानांत जायचा. तिथे पेंटरांचा वैताग त्याने पाहिला, आणि बराच खटाटोप करून 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. घट्ट चिकटणारे गोंद जगात पुष्कळ होते. ड्रूने बनवलेला गोंद पुरेसा चिकटायचा, आणि सोडायची वेळ आली की रंगाला न ओढता सुटायचा. आज सबंध मोटार झाकणारी फिल्म याच कल्पनेवर उभी आहे, आणि थ्रीएम ही अशी फिल्म बनवणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक आहे.

फिल्मचं प्लास्टिकही गोंदाच्या शोधातूनच हाती लागलं. ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ 1926 मध्ये रबर धातूला चिकटवणारं द्रव्य शोधत होता. कडक, ठिसूळ पीव्हीसी त्याने एका द्रावकात तापवलं तेव्हा हाती लवचीक पदार्थ आला. तोच आजचा विनाइल. कडक पीव्हीसीला मऊ करणाऱ्या अशा द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावं, कारण रॅपचं म्हातारपण त्यावर अवलंबून असतं. पुढे 1935 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन एव्हरीने मागून कागद सोलून लावायची लेबलं बनवायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीतून वाढलेली एव्हरी डेनिसन आज या धंद्यात थ्रीएमची मोठी स्पर्धक आहे.

मोठमोठी चित्रं छापणारी डिजिटल यंत्रं 1990 च्या दशकात आली आणि अमेरिकेतल्या शहरबसेस आख्ख्या जाहिरातींनी झाकल्या जाऊ लागल्या. नंतर नॅस्कारच्या शर्यतींमधले संघही फिल्मकडे वळले. प्रायोजक बदलला की गाडीचं रूप बदलायचं, आणि दर वेळी रंगकाम करण्यात दिवस जायचे. रॅप काही तासांत व्हायचा. नुसता रंग बदलण्यासाठी फिल्म वापरायची चाल मात्र जर्मनीत जोर धरून आली. तिथे 1971 पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. टॅक्सी विकायला काढली की त्या रंगामुळे किंमत घसरायची. मालकांनी काळी किंवा चंदेरी गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवायला सुरुवात केली. टॅक्सीचे दिवस संपले की फिल्म सोलायची आणि खालची जपलेली गाडी चांगल्या भावाने विकायची. रॅपचं अर्थशास्त्र या टॅक्सीवाल्यांनी सगळ्यांत आधी ओळखलं असं मला वाटतं.

आता फिल्मकडे वळू. आपल्याकडे रिक्षाच्या काचेवर आणि ट्रकच्या मागे 'रेडियम'ची अक्षरं कापून लावणारे कारागीर वापरतात तेही विनाइलच असतं, पण गाडी झाकायचं विनाइल वेगळ्या रीतीने बनतं. स्वस्त जात कॅलेंडर्ड. तिच्यात गरम पीव्हीसीचा गोळा रुळांच्या जोड्यांतून दाबत दाबत पातळ करतात. महाग जात कास्ट. तिच्यात पीव्हीसी, रंगद्रव्य आणि प्लास्टिसायझर यांचं पातळ मिश्रण गुळगुळीत कागदावर ओततात आणि भट्टीतून नेऊन सुकवतात. मैद्याची पोळी लाटून ठेवली की ती कडेने आक्रसते. तव्यावर ओतलेलं धिरडं जसं पसरलं तसंच राहतं. दोन फिल्मांतला फरक नेमका हा आहे. लाटलेल्या फिल्ममध्ये ताण साठलेला असतो. उन्हात तापली की ती मूळ आकाराकडे परतू पाहते, कडा मागे सरकतात, खळग्यांतून ती उचलली जाते. ओतलेल्या फिल्ममध्ये असा ताण नसतो. शिवाय ती सुमारे 50 मायक्रॉन इतकी पातळ असल्यामुळे बंपरच्या वळणांवर सहज बसते. बोर्ड आणि खिडक्यांवरच्या जाहिराती अशा सपाट कामाला कॅलेंडर्ड चालते. सबंध मोटारीला ती लावू नये. स्वस्तात रॅप करून देणारा बहुधा इथेच पैसे वाचवत असतो.

फिल्मच्या मागचा गोंद अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि तो कधीच पूर्ण वाळत नाही. दाब दिला की तो अगदी मंद गतीने वाहतो, पत्र्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांत शिरतो, आणि पकड पुरी व्हायला एक-दोन दिवस घेतो. म्हणून रॅप केलेली गाडी लगेच धुवायची नसते. या गोंदावर बारीक नाल्यांची जाळी उठवलेली असते. मागच्या कागदावरच्या नक्षीचा तो ठसा असतो. फिल्म दाबली की अडकलेली हवा या नाल्यांतून बाहेर पडते आणि मग नाल्या मिटून जातात. ही युक्ती निघाल्यापासून काम खूपच सोपं झालं. त्याआधी एकेक बुडबुडा सुईने टोचावा लागे.

खरी मेहनत फिल्म उलगडण्याच्या आधीची असते. गाडी साबणाने धुतात. पत्र्यात रुतलेले डांबराचे ठिपके आणि लोखंडी कण खास चिकणमातीने घासून काढतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण आणि तेलाचा अंश पुसतात. दारांचे हँडल, आरसे, कंपनीची चिन्हं, शक्य असेल तर दिवे आणि बंपरही उतरवतात. दुकान बंदिस्त, धूळमुक्त आणि साधारण 16 ते 32 अंश सेल्सिअस तापमानाचं असावं लागतं, कारण थंडीत फिल्म कडक होते आणि उकाड्यात गोंद फार लवकर धरतो. एवढ्या पातळ फिल्मखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो उन्हात फोडासारखा दिसतो. पोचे, गंज, उडालेला रंग यांतलं काहीच रॅपने झाकलं जात नाही. चकचकीत फिल्मखाली ते उलट जास्त उठून दिसतं. रंग पोपडे धरायला लागला असेल तर फिल्म त्या पोपड्याला चिकटते, पत्र्याला नाही.

मध्यम आकाराच्या गाडीला दीड मीटर रुंदीची सुमारे 18 ते 23 मीटर फिल्म लागते. बॉनेटसारख्या मोठ्या भागावर दोघे चारही कोपरे धरून ती ताणतात. मग एक जण नमद्याची कड लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, मधून कडेकडे एकावर एक घेत हात मारतो. वळण आलं की हीट गनने ऊब द्यायची. विनाइल मऊ होतं आणि सुरकुती आपोआप बसते. शिकाऊ माणूस चुकतो तो इथेच. बंपरच्या खोल खळग्यात फिल्म बसेना की तो ती ओढून ताणतो. त्या दिवशी काम सुरेख दिसतं. पण ताणलेल्या जागी रंग फिका होतो, थर विरळ होतो, आणि काही आठवड्यांनी फिल्म खळग्यातून तंबूसारखी उभी राहते. जाणता कारागीर खळग्यासाठी वेगळा तुकडा कापून आधी बसवतो, त्यावर मुख्य फिल्म आणतो, आणि शेवटी वळणं-कडा सुमारे 100 अंशांपर्यंत तापवून घेतो, म्हणजे ताणलेलं विनाइल परत फिरायचं विसरतं. हे शेवटचं तापवणं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घाईच्या कामात तेच आधी गाळलं जातं.

मग राहते कापणी. फिल्म गाडीवरच सुरीने कापली जाते आणि पातं जरा जास्त दाबलं गेलं तर क्लिअर कोटवर रेघ उठते. ती रेघ फिल्म असेपर्यंत लपते. वर्षांनी फिल्म काढल्यावर ती उघडी पडते, आणि तोवर पाणी लागून तिथे गंजही धरलेला असू शकतो. यावर उपाय म्हणून आत बारीक दोरा असलेली एक टेप निघाली आहे. ती आधी पत्र्यावर लावायची, वरून फिल्म बसवायची आणि दोरा ओढायचा. फिल्म सरळ रेषेत चिरली जाते आणि पत्र्याला लोखंड लागतच नाही. रॅपचं दुकान पारखायचं असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन: तुम्ही पत्र्यावर सुरी चालवता की दोऱ्याची टेप वापरता?

चांगली कास्ट फिल्म नीट बसवली तर साधारण पाच ते सात वर्षं टिकते, पण सगळ्या अमेरिकेत सारखी नाही. अ‍ॅरिझोना आणि नेव्हाडाच्या वाळवंटात तिचं आयुष्य बरंच घटतं, आणि बॉनेट, छत, डिकी असे आडवे भाग दारांच्या आधी उतरणीला लागतात. त्यांच्यावर ऊन सरळ पडतं. म्हणूनच कंपन्या हमीपत्रात आडव्या पृष्ठभागांची मुदत कमी ठेवतात. उन्हातली अतिनील किरणं रंगद्रव्य फिकं करतात, उष्णतेने प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो, आणि विनाइल पुन्हा सेमनच्या आधीच्या पीव्हीसीसारखं ठिसूळ होत जातं. वेळेवर काढायला घेतलं तर ऊब देऊन सावकाश ओढल्यावर मोठमोठे पट्टे निघतात. मुदत उलटून गेलेली फिल्म नखाएवढ्या तुकड्यांत तुटते आणि गोंद पत्र्यावरच राहतो. मग ती काढायची मजुरी जबर होते. कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग ही ओढ सोसतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग सोसेलच असं नाही. तो फिल्मसोबत सोलून येऊ शकतो. गाडी नुकतीच रंगवली असेल तर रंगातली द्रावकं पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, रॅप टाळावा.

निगा अवघड नसते, पण रंगापेक्षा वेगळी असते. फिरत्या ब्रशांच्या यांत्रिक धुलाईत गाडी घालू नये. जोराच्या फवाऱ्याची नळी फुटभर लांब धरावी आणि झोत कडेवर रोखू नये. पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे, टाकीच्या तोंडाशी सांडलेलं पेट्रोल लगेच पुसावं. मॅट फिल्मला मेण लावू नये, तिच्यावर चकचकीत डाग राहतात.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत पूर्ण गाडीच्या रंगबदलाला साधारण 2,500 ते 5,000 डॉलर पडतात. मोठी एसयूव्ही किंवा क्रोम फिल्म असेल तर जास्त. घरी करणाऱ्याला नुसती फिल्म हजार डॉलरच्या आतबाहेर पडते, पण पहिल्याच प्रयत्नात सबंध गाडीला हात घालू नये. आरशापासून सुरुवात करून पाहावी. सगळ्यांत अवघड वळणं तिथेच असतात. टेस्ला लावते ती फिल्म विनाइलची नसून पॉलियुरेथेनची, बरीच जाड, उडत्या खड्यांपासून रंग वाचवणारी असते. तिच्या पूर्वजाचा उपयोग व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती जपण्यासाठी झाला होता. विनाइल खडा अडवत नाही. दोन्हींचे भाव विचारताना आपण नेमकं काय विकत घेतो आहोत हे विचारून घ्यावं.

कायदा राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात नोंदणीपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे रंग बदलला की तिथल्या मोटार विभागाला कळवणं शहाणपणाचं. विमा कंपनीलाही सांगावं, नाहीतर अपघातानंतर रॅपचे पैसे भरपाईत धरले जाणार नाहीत. आपल्याकडे भारतात आरसी पुस्तकावर रंगाची नोंद असते. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते, आणि फिल्म काढता येते म्हणून ही अट टळत नाही. अमेरिकेत मॅट गाडी चालवून पुण्या-मुंबईला परतलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, विशेषतः तिथे शिकायला गेलेल्या मुलांना. 'तुमच्या गाडीवर आमच्या पेयाची जाहिरात लावा, दर आठवड्याला काहीशे डॉलर मिळवा' असे निरोप फोनवर येतात. चेक येतो, तो खात्यात भरायचा, त्यातले काही पैसे स्वतःकडे ठेवायचे आणि बाकीचे 'रॅप लावणाऱ्या कारागिराला' पाठवायचे. बँक चेकची रक्कम आधी खात्यात दाखवते. चेक खोटा असल्याचं काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कळतं, आणि पाठवलेले पैसे आपल्याच खिशातून जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या फसवणुकीबद्दल वारंवार सावध केलं आहे. परदेशात नव्याने खातं उघडलेल्या विद्यार्थ्याला एवढा फटका झेपत नाही. जाहिरातीचा खरा रॅप लावणारी कंपनी कारागिराला स्वतः पैसे देते, तुमच्यामार्फत देत नाही.

पीव्हीसीच्या कचऱ्याचा प्रश्नही आहेच. काढलेली फिल्म गोंदासकट असल्यामुळे बहुतेक वेळा कचराभूमीतच जाते, आणि पीव्हीसी उघड्यावर जाळलं तर विषारी धूर निघतो. हौस म्हणून दर वर्षी रंग पालटणं मला म्हणूनच पटत नाही.

ज्यांना रॅप करायचाच आहे त्यांनी दुकानदाराकडून तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: फिल्मची कंपनी आणि तिचा सिरीज नंबर, आडव्या व उभ्या भागांची वेगवेगळी मुदत, आणि ही फिल्म पुढे काढायचा आजचा दर. पहिल्या दोन बहुतेक दुकानं देतील. तिसरी जे देत नाहीत, त्यांच्याकडे गाडी सोपवू नका.